जाड लोकर, एकच टाका

रेवदंड्यात थंडी म्हणावी अशी थंडी जेमतेम महिना-दीड महिना. पौषात कुंडलिकेच्या खाडीवरून रात्री वारा सुटतो, वालाच्या शेंगा भरतात, वाड्यांमध्ये भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटीची मडकी लागतात आणि जाळाभोवती बसलेल्यांचं तोंड गरम अन् पाठ गार होते. तेवढ्यापुरती एखादी शाल पुरते. पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरलेल्या अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याला इथली माणसं उघड्या अंगाने वावरतात याचंच मोठं नवल वाटलं होतं आणि ते त्याने लिहूनही ठेवलं. त्याचं स्मारक आज रेवदंड्यात आहे. अशा गावात जाड लोकरीचं ब्लँकेट विणायला कुणी बसलं तर लोक विचारणारच, की हे कुणासाठी?

तरीही मी सांगेन, की विणकाम नव्याने शिकणाऱ्याने सुरुवात अशाच जाड, साध्या, मोठ्या ब्लँकेटपासून करावी. समुद्रकाठी राहणाऱ्यानेसुद्धा.

आपल्याकडची जुनी रीत वेगळी आहे. शिकणारीच्या हातात आठ नंबरच्या सुया आणि बारीक लोकर द्यायची, आधी चौकोनी तुकडा, मग मफलर, मग बाळाचं टोपरं. सुयांचे हे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, म्हणजे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे 4 मिलिमीटर. या सुयांवर 90 सेंटिमीटर रुंद आणि 120 सेंटिमीटर लांब ब्लँकेट विणायचं ठरवलं तर एका ओळीत साधारण 180 टाके आणि जवळजवळ 480 ओळी होतात. गुणाकार केला तर शहाऐंशी हजार टाके! तेच ब्लँकेट 10 मिलिमीटरच्या सुयांवर जाड लोकरीने विणलं तर 80 टाके आणि 190 ओळींत आटोपतं, म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास. काम सहाव्या हिश्शाहून जेमतेम जास्त. पहिल्या उत्साहाचं बळ कुठवर टिकतं हे शिकवणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं, आणि पंधरा हजार टाके त्या बळात बसतात. शहाऐंशी हजार क्वचितच बसतात. म्हणून कितीतरी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत अर्धा मफलर सुयांसकट पडून असतो.

पण वेग हे त्यातलं दुय्यम कारण. जाड लोकरीत टाका दिसतो. विणकामाचं सगळं मर्म एका हालचालीत आहे: सुई जुन्या टाक्यात घालायची, तिच्यावर लोकर फिरवायची, नवा वेढा ओढून बाहेर काढायचा आणि जुना सोडून द्यायचा. बारीक लोकरीत हे बोटांच्या आड होऊन जातं. आपण नक्की काय केलं ते नवख्या डोळ्याला कळतच नाही. जाड लोकरीत प्रत्येक वेढा बोटाएवढा असतो. तो कुठून आला, कोणाला धरून उभा आहे, पुढचा कुणाच्या आधाराने येणार, हे उघड दिसतं. दोन्ही बाजूंनी सुलटच टाके विणत गेलं की कापडावर आडवे उंचवटे येतात, कडा वळत नाहीत, ब्लँकेट सपाट पसरतं. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणली तर कापड गुळगुळीत दिसतं खरं, पण कडा गुंडाळल्या जातात. पहिल्या कामाला सुलट पुरे. एकच टाका, शेवटपर्यंत.

एकाच हालचालीवर उभं राहिलेलं काम बघायला रेवदंडेकराला लांब जावं लागत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि कोळीवाड्यात ओसरीवर जाळी पसरलेली असतात. या किनाऱ्यावर बोंबील, जवळा, करंदी पकडणारी डोल ही नरसाळ्यासारखी जाळी: तोंडाशी मोठी घरं, मागे जात जात बारीक होत गेलेली, आणि शेवटी मासळी साठते तो खोला. ओहोटी-भरतीच्या ओढीसमोर तोंड करून ती रोवलेली असते, तो सगळा जोर तिच्या धाग्यांवर येतो. एवढ्या मोठ्या जाळ्यात घराघराला असते ती एकच गाठ. जाळं विणणारा बांबूच्या पट्टीवर दोरा वळवतो, गाठ आवळतो, पुढे सरकतो. पट्टी माप राखते, म्हणून हजारो घरं एकसारखी निघतात. सुई आणि पट्टी, एवढंच सामान.

आणि ती गाठ फक्त कोळ्यांची नाही. मागावर ताण्याचा तुटलेला धागा जोडायला विणकर जी गाठ मारतात तीच ही. चौल एके काळी रेशमी आणि सुती कापडासाठी नावाजलेलं होतं. सतराव्या शतकात इथले काही विणकर मुंबईला जाऊन स्थिरावले. दोन-तीन मैलांच्या टापूत माग आणि जाळी एकाच गाठीवर चालत होती, हे मला फार मोलाचं वाटतं. लोकरीची लडी संपली की नवी जोडायलाही हीच गाठ चालते. ती शिकून घ्यायची असेल तर शिकवणारे हात गावात आहेत.

फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. जाळ्यात गाठी असतात, विणकामात नुसते वेढे. मासा किंवा खडक जाळ्याचं एक घर फाडतो तेव्हा भोवतालच्या गाठी आपापल्या जागी घट्ट राहतात, भोक वाढत नाही. लोकरीचा एक टाका सुईवरून निसटला की त्याच्या खालचा मोकळा होतो, मग त्याच्या खालचा, आणि शिडी उतरत जाते. नवख्या माणसाला घाबरवून टाकणारी ही गोष्ट जाड लोकरीत निरुपद्रवी होते, कारण निसटलेला टाका नुसत्या बोटानेही धरता येतो. क्रोशाची सुई घेऊन शिडीचा एकेक पाय वर ओढत आणायचा आणि पुन्हा सुईवर चढवायचा.

शेजारची अकरावीत शिकणारी मुलगी मागे सुया घेऊन आली होती. "काकू, मला जमेल ना हो?" असं विचारतानाच तिने टाके इतके आवळले होते की सुई आत शिरेना. सुरुवातीला सगळ्यांचे हात आवळतातच. निसटेल ही भीती बोटांत असते. तिला म्हटलं, "अगं, टाका सुईच्या टोकावर नको करूस, जाड भागावर सरकव, माप सुई राखेल." जाळ्यात जे काम पट्टी करते ते इथे सुई करते. जरा वेळाने तिची ओळ सैल पडली आणि खांदेही. दहा-दहा ओळींनी टाके मोज, एवढंच मग सांगितलं. कडेला नकळत टाका वाढतो किंवा कमी होतो आणि ब्लँकेट पतंगाच्या आकाराचं व्हायला लागतं.

सामान कसलं घ्यावं? दुकानात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेक अॅक्रिलिक असतं, आणि आपल्या दमट, खाऱ्या हवेत त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. ते धुतल्यावर आटत नाही, लवकर वाळतं, पावसाळ्यात कुबट होत नाही. मेंढीची लोकर जास्त ऊब देते, पण तिला जपावं लागतं. जाड लोकर मिळाली नाही तर साध्या लोकरीचे चार पदर एकत्र धरून विणावं. चार रंगांचे पदर घेतले तर ब्लँकेटला आपोआप चांगला पोत येतो. एकूण किलोभर किंवा थोडी जास्त लोकर लागते. सरळ सुयांपेक्षा मधे दोरी असलेली गोल सुई घ्यावी, म्हणजे वाढत्या ब्लँकेटचं वजन मनगटांऐवजी मांडीवर राहतं.

ऊब हवीच असेल तर आपल्याकडे तिचा वारसा मोठा आहे. दिवाळीनंतर फलटणच्या बाजूचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कापणी झालेल्या भातखाचरांत खतासाठी मेंढरं बसवतात. त्याच मेंढरांच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी. आणि घरोघरची गोधडी: जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकमेकांवर पसरून धावदोरा घातलेली. गोधडीचाही टाका एकच. तो आठ वर्षांच्या मुलीलाही येतो आणि ऐंशीच्या आजीलाही, म्हणून एकाच गोधडीवर दोघी बसू शकतात, मुलीचा वाकडा टाका आजीच्या सरळ टाक्याशेजारी राहतो आणि पांघरणाऱ्याला दोन्ही सारखेच ऊब देतात.

सोपं काम म्हणजे सरावाचं, टाकून द्यायचं काम, असं आपण शिकणाऱ्याला नकळत सांगत असतो. आधी नमुना कर, नंतर खरं काहीतरी करशील. मला हे पटत नाही. जाळं विणणाऱ्या घरातला मुलगा पहिली गाठ खऱ्या जाळ्यावरच मारतो, आणि ते जाळं समुद्रात जातं. त्याला तसा विश्वास दाखवलेला असतो. विणायला बसलेल्या मुलीला, निवृत्त झालेल्या एखाद्या मास्तरांना, आजारपणातून उठून हाताला काही काम हवं असलेल्या बाईला पहिल्याच खेपेला अशी वस्तू करू द्यावी जी कुणीतरी रोज रात्री अंगावर घेईल. तिच्यात चुका असतील. पाच-सहा ओळी घट्ट, पुढच्या सैल, कुठे एक टाका दुहेरी. पांघरुणाची ऊब त्यामुळे कमी होत नाही.

राहता राहिलं टाके बंद करणं. इथे हात पुन्हा आवळतो, कारण काम संपल्याची घाई असते, आणि वरची कड चुण्या पडून आखडते. म्हणून शेवटच्या ओळीला एक नंबर जाड सुई घ्यावी आणि टाके सैल सोडत जावेत. लोकरीचं टोक वीतभर ठेवून कापावं, बोथट सुईने उंचवट्यांमधून आत-बाहेर ओवून लपवावं, आणि धुतल्यावर ब्लँकेट दोरीवर न टांगता सावलीत चटईवर पसरून वाळवावं. ओल्या लोकरीच्या वजनाने ते लांबतं.