रंगाचा बेरंग

माणसाला परीक्षक व्हायला काय लागतं? माझ्या अनुभवाप्रमाणे एकच गोष्ट लागते: खऱ्या परीक्षकाने आयत्या वेळी 'येत नाही' म्हणून कळवावं लागतं. आमच्या शाखेत स्टाफची छायाचित्र स्पर्धा असते. त्या वर्षी विषय होता 'पावसाळा'. ठरलेले परीक्षक पावसातच अडकले आणि मॅनेजरसाहेबांची नजर काउंटरवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

"तुम्ही दिवाळी अंकात लिहिता ना? मग तुम्हीच बघा. तुम्हाला कलेतलं कळतं."

माझ्या दोन विनोदी लेखांचा आणि फोटोंचा संबंध काय, हे विचारण्याचं धैर्य बी.कॉम. झालेल्या माणसात नसतं. शिवाय, खरं सांगायचं तर, मला बरं वाटलं. वीस वर्षं लोकांच्या सह्या तपासणाऱ्याला लोकांची कला तपासायला मिळाली की छाती थोडी पुढे येतेच.

एक बारीकशी गोष्ट मात्र मी साहेबांना सांगितली नाही. मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही.

हे मी सहसा कुणालाच सांगत नाही. कारण सांगितलं की समोरचा माणूस ताबडतोब स्वतःचा शर्ट पुढे करतो. "मग हा कुठला?" त्यानंतर भिंत, कॅलेंडर, टेबलावरची डबी, असं करत माझी तोंडी परीक्षा सुरू होते. लोकांना वाटतं, मला सगळं जग जुन्या मराठी सिनेमासारखं दिसतं. तसं काही नाही. निळा दिसतो, पिवळा दिसतो. फक्त लाल, हिरवा, तपकिरी ही मंडळी गर्दीत एकमेकांचे कपडे घालून फिरतात. शाळेत मी झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली, तेव्हा मास्तरांनी पट्टी मारली. लग्नानंतर सौ.ने मला एकदाच मॅचिंग ब्लाउजपीस आणायला पाठवलं. पुन्हा पाठवलं नाही. दोषाचे फायदेही असतात, ते असे. पुड्यावरच्या शाकाहारी-मांसाहारी ठिपक्यांची तर मला धास्तीच असायची. २०२० च्या नियमांनी मांसाहाराच्या तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण केला, तेव्हा कुठे माझा धर्म वाचला.

तर मी परीक्षक झालो. बावीस फोटो होते. मी चष्मा पुसला, मान तिरकी केली, दोन पावलं मागे गेलो. परीक्षकाने मागे जावं लागतं, एवढं मला ठाऊक होतं. छत्रीच्या गर्दीला पहिलं बक्षीस दिलं, तारेवरच्या भिजलेल्या कावळ्याला दुसरं. आमच्या शिपायाने गावी जाऊन मोबाइलवर भातशेतीचा फोटो काढला होता. नुसतं शेत. बांध, पाणी, रोपं, पुन्हा बांध. मी चिठ्ठीवर शेरा मारला: 'हिरवळ बरी. फोटोला विषय नाही. १० पैकी ३.'

बक्षीस समारंभाला सौ. आली होती. फोटो बघत बघत ती त्या शेतापाशी थांबली आणि हलेचना.

"अहो, याला पहिलं दिलंत ना?"

"कशाबद्दल? त्यात आहे काय?"

"म्हणजे? एवढ्या हिरव्यागार शेतात एकटी लाल लुगड्यातली बाई वाकून लावणी करतेय. नजर हलत नाही तिच्यावरून."

"कुठली बाई?"

सौ.ने माझ्याकडे बघितलं. मग काही न बोलता माझं बोट धरून फोटोवर टेकवलं. अगदी जवळ नाक नेल्यावर मला पाठीचा बाक दिसला, मग हात दिसला. बाई होती. मी तिला चिखलाचा ढेकूळ समजलो होतो.

त्या रात्री मी स्वतःच्या बचावाची तयारी केली. या बाबतीत माझी बाजू अगदीच लंगडी नाही. पहिलं म्हणजे, दोष माझा नाही. हा वारसा आईकडून येतो. तिला स्वतःला बहुधा सगळे रंग दिसतात, पण तो तिच्यामार्फत मुलाकडे पोचतो. म्हणून पुरुषांत हा प्रकार बराच, बायकांत अगदी थोडा. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभर पुरुषांत सुमारे ८ आणि दोनशे बायकांत सुमारे १, असं प्रमाण सांगतात. माझ्या मामालाही हेच आहे. आजीने आम्हा दोघांना सारखंच दिलं. मामाने मुंजीत कबूल केलेलं घड्याळ मात्र अजून यायचंय.

दुसरं म्हणजे, ज्याच्या जिवावर ही कला उभी राहिली, तो कॅमेरा तरी कुठला डोळस? सुरुवातीच्या फोटोच्या काचांना निळा उजेड तेवढा कळे. लाल त्यांच्या लेखी अंधारच. काळे-पांढरे फोटो धुण्याच्या खोलीत लाल दिवा लावतात तो का? त्या कागदाला लाल दिसत नाही म्हणून! आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचं तेच. आतल्या चिपला फक्त उजेड मोजता येतो. तिच्यावर लाल, हिरव्या, निळ्या काचांचे बारीक चष्मे बसवलेले असतात आणि बाकीचा रंग हिशेबाने भरतात. आंधळ्या कागदाने इतके मोठे फोटो दिले, तर अर्धवट डोळस कारकुनाने बक्षीस का देऊ नये?

तिसरा मुद्दा तर थेट सर्वोच्च न्यायालयाचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रंगांध विद्यार्थ्यांना काही अभ्यासक्रमांची दारं बंद होती. एका विद्यार्थ्याला संकलनाच्या अभ्यासक्रमात प्रवेश नाकारला, तो कोर्टात गेला, आणि २०२२ साली न्यायालयाने सगळेच अभ्यासक्रम खुले करायला सांगितलं. सिनेमा काही एकट्याने होत नाही. एकाला दिसत नाही ते दुसरा सांगतो.

इथपर्यंत आलो आणि माझाच मुद्दा माझ्या अंगावर आला. तो मुलगा सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, मला हे दिसत नाही, तरी मला शिकायचंय. मी कुणाला काय म्हटलं होतं? 'दुसरा सांगतो' हे खरं, पण त्या दुसऱ्याला आधी विचारावं लागतं.

जॉन डाल्टनचं उदाहरण घ्या. हा अणुवादवाला इंग्रज शास्त्रज्ञ. एक फूल त्याला दिवसा निळसर आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल दिसायचं. १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वानांसमोर त्याने आपल्याच डोळ्यांच्या या उणिवेवर निबंध वाचला. डोळ्यातलं पाणी निळं असावं असा त्याचा तर्क होता, म्हणून मेल्यावर डोळे तपासा असंही त्याने सांगून ठेवलं. १८४४ साली तो वारला. डॉक्टरांनी बघितलं तर पाणी स्वच्छ! तर्क चुकला. पण डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले होते. १९९५ साली त्यांची तपासणी झाली तेव्हा कळलं, हिरव्यासाठी लागणारं द्रव्यच त्याच्या डोळ्यांत नव्हतं. दीडशे वर्षांनी ऑडिट पुरं झालं. ते झालं कारण त्याने खातं उघडं ठेवलं होतं.

कॉमर्समध्ये हेच आम्हाला शिकवलं होतं की. ऑडिटरला एखादं गोदाम बघायला मिळालं नाही, तर तो तसं लिहून देतो. न बघता सही करणं, हा गुन्हा. न दिसणं हा माझा दोष नव्हता; न दिसलेल्या गोदामावर मी सही ठोकली होती. तीही लाल शाईने, असं सौ. म्हणते.

सोमवारी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आता निकाल लागला. शिल्ड दिली. मिटलं." मग मी शिपायाकडे गेलो. तो पासबुकं लावत होता. मी सगळं सांगितलं. "अरे, फोटो चांगला होता. मलाच दिसला नाही." तो हसला.

"असू द्या साहेब. आई होती ती माझी. तुम्ही लिहिलंत विषय नाही, मला वाटलं आपल्याला काय कळतंय त्यातलं. मोबाइलमधला काढूनच टाकला. आता नाही काढत फोटो."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. परीक्षकाचा अंधळेपणा परीक्षकापुरता राहत नाही, एवढंच त्या क्षणी कळलं. त्याला माझ्या डोळ्यांनी स्वतःची आई दिसेनाशी झाली होती.

स्पर्धेसाठी छापलेली प्रत तेवढी बोर्डावर शिल्लक होती. तिच्यावरून मी दोन मोठ्या प्रती करून घेतल्या. एक त्याला फ्रेम करून दिली. त्याने ती गावी पाठवली. या पावसाळ्यात त्याने पुन्हा चार फोटो काढले आणि मला दाखवायला आणले. सौ.लाही दाखवा, असं तो आवर्जून म्हणाला. माणूस हुशार आहे.

यंदाही साहेबांनी मलाच परीक्षक नेमलं. मी दोन अटी घातल्या: बरोबर कॅशच्या बाई बसतील आणि निकालपत्रावर माझ्या सहीखाली लिहिलं जाईल, 'लाल-हिरव्यापुरता या परीक्षकाचा निकाल ग्राह्य धरू नये.' साहेब म्हणाले, "हे मिनिट्समध्ये लिहायचं?" म्हटलं, लिहायचं. बाकीच्या परीक्षकांनीही आपापलं लिहिलं तर जगात किती निकालपत्रं लांबतील, या विचाराने मला जरा बरंही वाटलं.

दुसरी प्रत आमच्या हॉलमध्ये आहे. येणारा प्रत्येक जण त्या बाईकडे बघतो. मला ती अजून पटकन सापडत नाही. मी डावीकडून तिसरा बांध मोजतो, तिथून खाली दोन बोटं येतो आणि थोडा वेळ थांबतो.