तात्यांची शेड आणि माझा वॉर्ड

रात्री दोनचा डोस माझ्या हातून जातो. कोलिस्टिनच्या छोट्या बाटलीत पाणी सोडायचं, जोरात हलवायचं नाही कारण फेस येतो, मग सलाईनमध्ये मिसळून सावकाश सोडायचं. सकाळी आधी पेशंटची लघवी किती झाली ते पाहायचं आणि मग क्रिएटिनिन, कारण हे औषध मूत्रपिंडांना इजा करतं. म्हणूनच सत्तरच्या दशकात डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं होतं. नवी औषधं चालेनाशी झाली तेव्हा जुनं परत काढावं लागलं. कल्चरच्या रिपोर्टवर एकाखाली एक ‘आर’ येत जातात, म्हणजे रेझिस्टंट. पूर्वी तळाशी कोलिस्टिनसमोर एक ‘एस’ दिसायचा. २०२० पासून अमेरिकी मानकांनी तोही काढला. आता फार तर ‘आय’, म्हणजे मधलंच काहीतरी.

ड्युटी संपली की लोकल पकडून कामशेतला उतरायचं, तिथून पवनानगरच्या रस्त्याने घरी. घरामागे तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, पाच हजार पक्ष्यांची शेड आहे. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, लाइट, भाताचं तूस आणि राबणं आपलं. चाळीसेक दिवसांनी गाडी येते, पक्षी उचलते, वजनावर पैसे मिळतात. मरतुक वाढली की पैसे कापतात.

मावळातल्या पावसात पोल्ट्री करणं म्हणजे काय, हे लोणावळ्याला भुशी डॅमवर भिजायला येणाऱ्यांना कळायचं नाही. वारं-पाणी आत येऊ नये म्हणून पडदे बांधावे लागतात. खालचं तूस ओलं होतं, अमोनिया डोळ्यांना झोंबतो आणि पक्षी खुरखुरायला लागतात. मग सुपरवायझर सांगतो, पाण्यातून औषध सोडा. दहा पक्षी आजारी असले तरी पाणी पाच हजारांचं एकच. बऱ्याचदा एकही आजारी नसतो, ‘लागू नये म्हणून’ सोडतात. दर पक्ष्याला साधारण चौरस फूटभर जागा. मला वाटतं, हवा आणि जागा द्यायला परवडत नाही, म्हणून तिथे आपण औषध ओतलंय.

हे कोणा वाईट माणसाने सुरू केलं नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेत जूक्स आणि स्टोकस्टॅड या संशोधकांना दिसलं, की ऑरिओमायसिन बनवताना उरलेला चोथा खाणारी पिल्लं लवकर वाढतात. स्वस्त मांस, जास्त पोटं भरतील. त्याच्या पाचच वर्षं आधी, १९४५ च्या नोबेल व्याख्यानात, फ्लेमिंगने एक गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो, तो पेनिसिलिन घेतो, पण अपुरं. त्याच्यातले जंतू निबर होतात, बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आता पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. तिला कोणी मारलं, असा प्रश्न त्याने श्रोत्यांना विचारला होता.

फ्लेमिंगच्या गोष्टीत निदान नवरा सापडतो. माझ्या वॉर्डात कोणीच सापडत नाही. बेड नंबर चारच्या आजींचा जंतू कोणत्या शेडमधून, कोणत्या नाल्यातून की आमच्याच कॅथेटरवरून आला, हे मला कधीच कळणार नाही. वाटा मात्र माहीत आहेत. कोंबडखत भातखाचरात जातं, पावसात ओढ्याला, ओढा पवनेला. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरं, मांस आणि माणसं या तिन्हींत एमसीआर-१ हे जनुक सापडलं. कोलिस्टिनला दाद न देण्याची ही शक्ती एक जंतू दुसऱ्याला सहज देऊ शकतो. आपल्या सरकारने जुलै २०१९ मध्ये खाण्याच्या जनावरांसाठी आणि पोल्ट्रीसाठी कोलिस्टिन बनवण्या-विकण्यावर बंदी घातली. पण ती बंदी त्या एका औषधावर होती. एन्रोफ्लॉक्सासिन, जे आपल्या सिप्रोफ्लॉक्सासिनचं सख्खं भावंड, ते अमेरिकेने कोंबड्यांसाठी २००५ मध्येच बंद केलं, आपल्याकडे चालतं.

मारेकरी सापडत नसेल तर दोष कोणाचा? मी बरेच दिवस ‘सगळ्यांचा’ असं म्हणून मोकळी होत होते. ‘सगळ्यांचा’ म्हटलं की झोप छान लागते.

अमेरिकेतल्या नर्सेसच्या संघटना या प्रश्नावर कायदा मागत होत्या, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. लुईस स्लॉटर नावाच्या खासदार, मूळच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, निरोगी जनावरांना माणसांची अँटिबायोटिक्स देऊ नका असं विधेयक पुन्हा पुन्हा मांडत राहिल्या. २०१८ मध्ये त्या वारल्या तोवर ते मंजूर झालं नाही. पण कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये स्वतःचा कायदा केला, आणि २०१७ पासून वाढीसाठी औषध देणं देशभर थांबलं. त्या एका वर्षात जनावरांसाठीच्या अशा औषधांची विक्री ३३ टक्क्यांनी घसरली.

हसू यासाठी आलं, की आपल्याकडे नर्स रस्त्यावर येते ती स्वतःच्या नोकरीसाठी, जसा मे २०२२ मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध संप झाला. कोंबडीबद्दल नर्सने बोलायचं? पण लॅम्प लायटिंगच्या दिवशी मेणबत्ती धरून घेतलेल्या शपथेत आहे, की जाणूनबुजून अपायकारक औषध देणार नाही. मी कोलिस्टिन देते, ते अपाय करतं हे मला माहीत असतं. दुसरं उरलेलं नसतं म्हणून देते. मग ते का उरलं नाही, हा प्रश्न माझ्या शपथेच्या बाहेरचा कसा?

तात्यांशी यावर भांडण झालं. ते म्हणाले, “तुमच्या हॉस्पिटलात कमी देतात का गं? साध्या सर्दीला माझ्याच नातवाला दिलंवतं ना डॉक्टरानं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. मग म्हणाले, “मी एकट्यानं बंद केलं तर माझीच मरतुक वाढंल. शेजारी पैसं घेऊन जाईल.”

इथेच मला कायदा हवासा वाटतो. एकट्याने चांगलं वागण्याची किंमत त्या एकट्याला बुडवणारी असेल, तर त्याला चांगुलपणा शिकवणं हा मला निर्दयपणाच वाटतो. नियम सगळ्यांना लागू झाला तर तात्यांना हुतात्मा न होता औषध थांबवता येईल. आजारी पक्ष्याला जनावरांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध मिळावंच. निरोगी कळपाला नको.

पण मावळात ‘सगळ्यांच्या भल्यासाठी’ हे शब्द जपून वापरावे लागतात. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद पाइपलाइन नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी गेले. शहराच्या भल्याची किंमत कोण देतं, हे इथे कोणाला समजावावं लागत नाही. माझे पेशंट शहरातले, औषध थांबवणारे तात्या गावातले. मोकळ्या शेडचा, पंख्यांचा, कमी पक्ष्यांचा खर्च त्यांच्याच अंगावर पडला, तर माझा कायदा म्हणजे दुसरी पाइपलाइनच.

आम्ही चार नर्सेसनी आमदारांना द्यायला पत्र लिहिलंय. गेल्या रविवारी तात्यांना वाचून दाखवलं. ‘पोल्ट्रीधारकांनी शेडमध्ये सुधारणा कराव्यात’ या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. “धारकांनी नाही. कंपन्यांनी, असं लिही.” मी तिथेच खोडून लिहिलं. मग सही करता का विचारलं, तर उठून पडदे सोडायला गेले. तिकडूनच म्हणाले, “माझं नाव नको घालू पोरी. पुढची बॅच द्यायची नाहीत.”