चंदय्यांचा दोर, गोरोबांची माती

लेथवर वाडगा फुटला की नवशिकी पोरं दोनच गोष्टी बोलतात. एक तर "नशीबच फुटकं", नाहीतर "देवाची मर्जी". निपाणीत लाटणी, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब कातण्यात माझं उभं आयुष्य गेलं, तरी ही दोन्ही वाक्यं मला अजून सहन होत नाहीत. देवाला मध्ये आणायचं तर विचार करून आणावं.

लाकूड तडकतं त्यात देवाची मर्जी शोधायचं कारण नाही. ओल्या आंब्याच्या ओंडक्यातून गाभ्यासकट वाडगा कातला तर वाळताना तो फुटणारच. लाकूड वर्षवलयांच्या अंगानं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं. ती ओढाताण गाभ्यापाशी फाटते. हा लाकडाचा स्वभाव, त्यात कुणाचं प्रारब्ध नाही. गाभा काढून टाकावा, फूटभर रुंद वाडग्याचा काठ आधी इंचभर जाड ठेवावा, ढलप्यांत पुरून काही महिने सावलीत ठेवावा. तो वेडावाकडा होतोच. मग पुन्हा लेथवर चढवून गोल करावा.

हत्यार अडकतं ते मात्र माणसामुळे. पटाशीच्या धारेमागचा उतार लाकडावर घासत राहिला पाहिजे. तो सुटून नुसतं टोक घुसलं की हाताला हिसका बसतो आणि काठाचा तुकडा उडतो. बेळगावच्या टिळकवाडीतून एक पोरगा शिकायला येतो, घर माळकऱ्यांचं. त्याचा जांभळाचा वाडगा असाच गेला. म्हणाला, "मामा, नामात दंग झालो होतो." अभिमानानंच म्हणाला. मी लेथ बंद केला आणि त्याला समोर बसवलं.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा त्याला पाठ होती. बायको पाण्याला गेलेली, काका माती तुडवताहेत, विठ्ठलनामात बुडालेत, आणि रांगतं पोर पायाखाली आलं. कीर्तनात पुढं विठ्ठल ते पोर परत देतो आणि मंडपाचा जीव भांड्यात पडतो. माझं मन मात्र दर वेळी घागर घेऊन दारात आलेल्या त्या आईपाशी अडकतं.

दुसरी कथा त्याला ठाऊक नव्हती. 12 व्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणच्या शरणांमध्ये, म्हणजे लिंगायत संतांमध्ये, नुलिय चंदय्या होते, गवत कापून दोर वळणारे. पाण्यात गवत कापताना त्यांचं अंगावरचं इष्टलिंग निसटून पडलं. चंदय्या थांबले नाहीत, काम करत राहिले. लिंगच त्यांच्या मागं लागलं आणि शेवटी दुसरे शरण मडिवाळ माचय्या यांना मध्यस्थी करावी लागली, असं शरणांच्या कथेत येतं.

दोघंही आमचेच. बेळगावात वैशाख शुद्ध द्वितीयेला शिवजयंती आणि दुसऱ्या दिवशी बसवजयंती. आमच्या गल्लीत ज्या घरातून आषाढीला माणूस पंढरीला जातो, त्याच्या शेजारच्या घरात लिंगपूजा चालते. पण लेथ फिरत असताना मी चंदय्यांच्या बाजूचा. हातातलं काम सोडून देवाकडे गेलेलं मन कुणाला तरी इजा करतं, आणि ती इजा भक्तीच्या नावावर खपवणं मला पाप वाटतं. माझा एक वारकरी मित्र यावर चिडतो. म्हणतो, भक्ताचा असा हिशेब मांडू नये. मी मांडतो, कारण गोरोबांनी स्वतः तो मांडला असं मला वाटतं. मडकी पारखावीत तशी संतांच्या डोक्यावर कुंभाराची थापटी मारून कोण कच्चं, कोण पक्कं हे सांगायला काकाच बसले आणि लाडक्या नामदेवाला त्यांनी कच्चं ठरवलं. पुढं नामदेव औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. देव रोज आपल्याशी बोलतो म्हणणाऱ्यालाही शिकायला जावं लागलं.

आमच्याकडेही वाडगा टिचकी मारूनच पारखतात. धड असेल तर खणखणतो. डोळ्यांना न दिसणारी चीर असली तरी आवाज बद्द येतो. पोरानं उरलेल्या वाडग्यांना टिचक्या मारल्या आणि दोन बाजूला काढले.

मग त्यानं विचारलं, "म्हणजे नाव घ्यायचंच नाही?"

"लेथ चालू असताना नको," मी म्हटलं. "वाडग्याला तेल चोळायला बसशील तेव्हा हवं तेवढं घे."