फिट थांबल्यानंतरची वर्षं

प्रिय नातीस,


तुझं पत्र वाचलं. तुझ्या धाकट्या भावाच्या मेंदूच्या डाव्या बाजूचे दुवे कापणार, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागत नाही, असं लिहिलंस. ‘तो आधीच बोलण्यात मागे आहे, अर्धा मेंदू बंद केल्यावर शिकणार कसा?’ हा तुझा प्रश्न. लहान मुलांच्या फिजिओथेरपीत माझा जन्म गेला. जे पक्कं ठाऊक आहे, तेवढंच लिहिते.

त्याची डावी बाजू आज त्याला शिकू देत नाही. तिथे उठणारी फिट धडधाकट उजव्या बाजूलाही ओढून नेते. पाचव्या वर्षी मेंदूत बोलण्याची, समजुतीची जुळणी चाललेली असते. ती रोज विस्कटली तर मूल आलेले शब्दही गमावून बसतं. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबत नसतील, तर तिसऱ्याने थांबण्याची शक्यता फार कमी. शिवाय भाषेचं काम उजव्या बाजूने उचलायचं, तर ते लहान वयातच जास्त जमतं. म्हणून डॉक्टर घाई करताहेत. आणि हेमिस्फेरोटॉमीत, म्हणजे धाकट्यावर होणाऱ्या या शस्त्रक्रियेत, अर्धा मेंदू काढून टाकत नाहीत. बराचसा भाग रक्तपुरवठ्यासह जागेवरच राहतो.

दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांचा अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलांच्या फिट थांबलेल्या होत्या, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के. वागणूक आणि रोजचं जगणंही सुधारलं. बुद्ध्यांकात मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आईबाबांना हेही सांग, म्हणजे पहिल्या वर्षी ते खचणार नाहीत.

कारण वर्ष ही फार लहान मुदत आहे. लंडनमध्ये मेंदूच्या टेम्पोरल लोब या भागाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना काही वर्षांनी पुन्हा तपासलं. २०११ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात बुद्ध्यांक वाढलेला दिसला, पण पाचाहून जास्त वर्षं गेल्यावर. आणि ती वाढ फिटची औषधं बंद होण्याशी निगडित होती. धाकट्याची शस्त्रक्रिया वेगळी आणि मोठी आहे, तेव्हा ते आकडे त्याला जसेच्या तसे लावू नकोस. औषधंही डॉक्टर सांगतील तेव्हाच, हळूहळू कमी करायची.

किंमतही मोजावी लागते. एम्समधल्या शस्त्रक्रिया झालेल्या ५७ मुलांपैकी १९ जणांना गंभीर त्रास झाला. त्यांतल्या १५ जणांची एक बाजू अशक्त झाली. मेंदूच्या ज्या भागावर काम झालं, त्यावरून तो त्रास अपेक्षितच होता. धाकट्याचा उजवा हात आत्ताच अशक्त आहे, तो आणखी अशक्त होईल. व्यायामाने बहुतेक मुलं चालू लागतात, पण त्या हाताच्या बोटांची बारीक कामं सहसा परत येत नाहीत. कागद दाबून धरायला, वाटी टेकवायला तो हात मुद्दाम वापरायला लाव.

दोन्ही डोळ्यांनी त्याला उजवीकडचं दिसणार नाही. वर्गात त्याला उजव्या कडेला बसवा, म्हणजे फळा आणि मुलं डावीकडे येतील. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे पुढचा शब्द त्याच्या नजरेतून निसटेल. ओळीखाली पट्टी धर. रस्ता ओलांडताना तर फार जप. आपल्याकडे पहिली गाडी उजवीकडूनच येते, तेव्हा मान पूर्ण वळवून बघायची सवय त्याच्या अंगी मुरेपर्यंत हात सोडू नकोस.

शस्त्रक्रिया फिट थांबवू शकते. शिकवण्याचं काम त्यानंतर तुम्हां सगळ्यांचं, स्पीच थेरपिस्टचं आणि शाळेचं. त्याच्या प्रगतीची वही ठेव: नवे शब्द, स्वतः लावलेली बटणं, शांत झोपेच्या रात्री. शेजारच्या मुलाशी तुलना नको. या दिवाळीचा धाकटा गेल्या दिवाळीच्या धाकट्याशी ताडून बघ. तो सावकाश शिकेल, कदाचित काही गोष्टी कधीच शिकणार नाही. पण एरवी रोजच्या फिटमध्ये वाहून गेली असती ती वर्षं त्याच्या वाट्याला येतील, आणि म्हणूनच मी या शस्त्रक्रियेच्या बाजूने आहे. आईबाबांना माझं मत निःसंकोच सांग.

तुझी,
आजी