हद्दीवर उभा असलेला माणूस कुणाचा?

8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ, सटाण्याच्या शिवारात, रुळांवर झोपी गेलेल्या 16 मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. जालन्याच्या स्टील कारखान्यात राबणारी ही माणसे मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली. भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने आदल्या संध्याकाळी ती जालन्याहून रुळांच्या कडेने निघाली होती. करोनाच्या टाळेबंदीत या रुळांवर गाडी येणार नाही, अशी त्यांची समजूत. रात्रभर चालून पाय थकले, पाठ टेकली आणि डोळा लागला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र होते. कुणीतरी वाटेत खायला म्हणून फडक्यात बांधून घेतलेल्या त्या पोळ्या.

या मृत्यूंचा विचार करताना एक गोष्ट मला सोडत नाही. हे मजूर कामाला जालना जिल्ह्यात, रहिवासी मध्य प्रदेशचे, आणि मरण आले ते तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. प्रत्येक कार्यालयाकडे त्यांचा एकेक तुकडा होता. अख्खा माणूस कुणाच्याच हद्दीत बसत नव्हता. गावी जाण्याच्या पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आले नाही, असे अपघातातून वाचलेल्या सोबत्यांनी सांगितले. अपघातानंतर मात्र दोन्ही राज्यांनी त्याच दिवशी प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली आणि मृतदेह रेल्वेनेच मध्य प्रदेशात पोहोचवले. म्हणजे दोन राज्यांना एका माणसासाठी एकाच दिवसात हालता येत होते. तो जिवंत असताना कुणी हालले नाही.

23 मार्च 2020 ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यभर संचारबंदी लावली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या. तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. रोग माणसाच्या पायांनीच गावात येतो, आणि तेव्हा ना लस होती ना खात्रीचे औषध. कित्येक गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ते अडवले, त्यामागे घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी होती. त्या भीतीला दोष देता येत नाही.

पण आपला जालना जिल्हा जगतो तो सीमा ओलांडूनच. देऊळगाव राजा बुलढाण्यात, पण तिथल्या माणसाचा बाजार आणि डॉक्टर जालन्यात. जालन्यात तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. अवघड रुग्ण साठेक किलोमीटरवरच्या औरंगाबादच्या घाटी रुग्णालयात न्यायचा. शहागडचा पूल ओलांडला की गेवराई, म्हणजे बीड. गोदेच्या दोन्ही काठांवर सोयरीक आहे, एकाच्या शेतात दुसऱ्याचा वाटा आहे. अंबड, घनसावंगी, मंठ्याचे ऊसतोड मजूर त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर अडकले होते. कागदावरची रेघ प्रशासनाच्या सोयीसाठी आखलेली. ती एका रात्रीत भिंत झाली, तेव्हा भिंतीला दार कुठे ठेवायचे हे कुणी ठरवलेच नव्हते.

दार ठेवता येते, हेही त्याच काळात दिसले. केरळच्या कासरगोडचे रुग्ण उपचारासाठी कर्नाटकातल्या मंगळुरूला जात. कर्नाटकाने रस्त्यांवर मातीचे ढीग टाकून वाट बंद केली आणि उपचाराविना रुग्ण दगावले. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेले, मग सर्वोच्च न्यायालयात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन राज्यांनी रुग्णांच्या ये-जा करण्याबाबत एक कार्यपद्धती मान्य केली. ऊसतोड मजुरांनाही एप्रिलच्या मध्यावर तपासणी करून गावी परतण्याची परवानगी मिळाली. रोग तोच, सीमा त्याच. फरक एवढाच की कुणीतरी बसून त्या माणसांचा विचार केला.

नाक्यावरच्या पोलिसाला मी यात दोष देत नाही. उन्हातान्हात, स्वतःच्या जिवाची भीती घेऊन तो उभा होता. त्याला अडवण्याचा अधिकार दिला होता, अडचण निवारण्याचा नाही. प्रसूतीच्या कळा सोसणारी बाई, डायलिसिसचा रुग्ण, पायी निघालेला मजूर, यांच्यासाठी पलीकडच्या जिल्ह्यात कुणाला फोन करायचा, हे त्याला सांगितलेले नसेल तर तो ‘परत जा’ एवढेच म्हणणार. आणि परत जायला ज्याच्याकडे ना काम, ना खोलीचे भाडे, तो मग आडवाटेने जातो. रुळांनी जातो.

सप्टेंबर 2020 मध्ये जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास रद्द झाला, एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत तो पुन्हा आला. पुढची साथ कधी येईल हे ठाऊक नाही, पण जालना, बीड, बुलढाणा, परभणी, संभाजीनगर यांचे शेजार तेच राहणार आहेत. या जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एका टेबलाभोवती बसून प्रत्येक नाक्यासाठी दोन्ही बाजूंचा एकेक जबाबदार अधिकारी, एक रुग्णवाहिका आणि अडकलेल्यांसाठी निवारा आताच ठरवून ठेवावा. आपत्तीच्या आराखड्यात ते एक पान वाढवायला साथ यायची वाट पाहायचे काहीच कारण नाही.