खांदेमळणी बैलाची आणि बाईची

श्रावण अमावास्येला पोळा. त्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वऱ्हाडात बैलांची खांदेमळणी होते. जू जिथं टेकतं त्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, पळसाच्या पानांनी शेकतात आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण देतात. ज्याच्यावर वर्षभर ओझं टाकलं त्याच्यापुढं घरधनी वाकतो, याला मी धर्म मानते. आणि म्हणूनच विचारते, त्याच घरात मशीनवर गोधड्या शिवणाऱ्या बाईचा खांदा रात्रभर ठणकत असेल, तर ते दुखणं पुण्य कसं?

मी वलगावची. घरीच गोधड्या शिवते. बाया जुनी लुगडी, सुती साड्या, धोतराची पानं आणून देतात. कुणाची लेक बाळंतपणाला आलेली असते, कुणाला गेलेल्या आईची लुगडी वाया जाऊ द्यायची नसतात. सासूबाई जमिनीवर बसून हातानं धावदोरा घालत. मशीन आली आणि वेळ वाचला, पण त्रासाची जागा बदलली. हाताच्या गोधडीत बाई गोधडीभोवती सरकते. मशीनवर बाई जागची हलत नाही, सगळी गोधडी सुईखालून फिरवावी लागते. सुई आणि मशीनचा खांब यांच्यात जागा जेमतेम वीतभर. त्यात अर्धी गोधडी कोंबायची, उरलेली टेबलावरून खाली लोंबते. ते लोंबणारं ओझं कापड मागं ओढतं, आपण पुढं ओढतो आणि खांदे नकळत कानाकडं चढतात. हात हलताना दिसतात, खांदा मात्र तासन् तास एकाच ताणात धरलेला असतो. आखडून धरलेल्या स्नायूला रक्त पुरेसं पोचत नाही, म्हणून तो जळजळतो, मग मान धरते, मग पाठ.

गल्लीतल्या एका आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘दुखल्याबिगर पुण्य लागते काय व माय?’’ त्या मनापासून बोलल्या. निंदण, कापूस वेचणी, पाणी वाहणं यात त्यांची कंबर गेली. ते दुखणं फुकट गेलं असं त्यांना कोण सांगणार? दुखण्याला पुण्य म्हटलं तरच ते सोसवतं. त्यांच्या या आधाराला मला धक्का लावायचा नाही. पण तो त्यांच्या नातीच्या गळ्यात बांधणं मला मान्य नाही.

वलगावात राहून हा विचार करताना गाडगेबाबांना टाळता येत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी याच गावाजवळ, पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच बाबांनी देह ठेवला. चिंध्या जोडलेली गोधडी अंगावर घालत म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. १९०५ मध्ये घर सोडल्यापासून त्यांनी देहाला उसंत दिली नाही. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. मग खांदे जपा म्हणायला मी कोणत्या तोंडानं उभी राहू? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर त्यांच्याच कामात सापडलं. बाबांनी देह झिजवला, पण प्रत्येक झिजेतून दुसऱ्याला काही मिळालं. ऋणमोचनला पूर्णेवर घाट झाला, पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिकला थकलेल्यांना पाठ टेकायला धर्मशाळा झाल्या. रोग्यांना औषध, मुक्या जनावरांना अभय, हे त्यांच्या शिकवणुकीतच आहे. माझं स्टूल चार बोटं ठेंगणं आहे म्हणून माझी मान दुखते, त्यातून कुणाला काय मिळतं? गोधडी त्यानं अधिक उबदार होत नाही. काम जे मागतं ते द्यावं. कामानं न मागितलेलं दुखणं देवाला वाहण्यात अर्थ नाही.

गीतेचा सहावा अध्याय मी याच नजरेनं पुन्हा वाचला. ध्यानाला बसणाऱ्याचं आसन फार उंच नको, फार ठेंगणंही नको, धड, मान, डोकं सरळ रेषेत हवं, इतकं बारीक सांगितलं आहे. सतराव्यात देहाला छळणाऱ्या घोर तपाची निंदा आहे आणि शरीराच्या तपात अहिंसा मोजली आहे. ती अहिंसा स्वतःच्या अंगापाशी येऊन थांबते, असं मला कुठं दिसलं नाही. गौतम बुद्धांनीही उपासानं देह सुकवून पाहिला आणि तो मार्ग सोडून दिला.

तेव्हा माझी बैठक सांगते. खुर्ची इतक्या उंचीची, की कोपर आणि मशीनचा पाट एका पातळीत येतात. सरकी काढलेल्या कापसाची एक उशी खाली घेतली की माझं जमतं. दोन्ही तळपाय पूर्ण टेकलेले. डाव्या हाताला खाट, मशीनच्या मागं दुसरं टेबल, म्हणजे गोधडी कुठंच लोंबत नाही. तिची घट्ट गुंडाळी करत नाही, सैल घड्या घालते, त्या आपोआप उलगडत येतात. आधी मधली ओळ, मग कडेकडे. बोटांना रबरी टोप्या घातल्या की कापड आवळून धरावं लागत नाही, मूठ सैल राहिली की खांदाही सैल राहतो. बॉबिन संपली की उठायचंच. नाही संपली तरी अर्ध्या तासानं उठायचं, हात मागं घ्यायचे, अंगणापर्यंत जाऊन यायचं. प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास सोडताना खांदे खाली आले का, हे पाहते. माझ्या लेखी ते नामस्मरणाइतकंच खरं आहे. मुंग्या येऊ लागल्या किंवा दुखणं हातात उतरलं, तर मात्र डॉक्टर, बैठक नव्हे.

एक अडचण खरी आहे. खाट, खुर्ची, दुसरं टेबल यांना जागा लागते आणि ज्या बायका एका खोलीच्या घरात मजुरीवर शिवतात त्यांना ‘थोडं उठा’ म्हणणं सोपं नाही. उठण्याचे पैसे कुणी देत नाही. म्हणून हा प्रश्न एकट्या बाईच्या शिस्तीचा नाही, घरच्यांच्याही धर्माचा आहे. तुमच्या घरी कुणी शिवत असेल, तर तिच्या मशीनच्या डाव्या बाजूला आजच खाट ओढून द्या, स्टूल काढून पाठीची खुर्ची ठेवा आणि जड गोधडी फिरवताना दुसरं टोक तुम्ही धरा.