उपजत की घडलेला?



पिंपळे गुरवला आमच्या शेजारी एक तरुण राहतो. चाकणला कंपनीत कामाला आहे. माझ्या दीड वर्षाच्या नातवानं विठोबाच्या तसबिरीपुढे हात जोडले, तेव्हा मी कौतुकानं म्हणालो, “बघ, देव उपजतच असतो.” तो म्हणाला, “काका, तुम्ही रोज शिकवता म्हणून जोडतो. आमच्या घरात देवच नव्हता. मला कुठं उपजला?” मला उत्तर सुचलं नाही. राग मात्र आला.

हा वाद जुना आहे. फ्रान्सच्या देकार्तनं 1641 मध्ये लिहिलं की, कारागीर वस्तूवर आपली खूण ठेवतो, तशी ईश्वराची कल्पना माणसात जन्मतःच असते. इंग्लंडच्या जॉन लॉकनं 1690 च्या ग्रंथात विचारलं, मग ती लहान मुलांना का ठाऊक नसते? तेच माझा शेजारी विचारत होता.

उपजत म्हणावं, तर कीर्तन, वारी, संतसंग कशाला? शिकवलेला म्हणावं, तर आपली भक्ती नुसती सवयच ठरते.

अशा वेळी गोरोबाकाका आठवतात. तेरढोकीला संतमंडळी जमली असता त्यांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं थापटलं आणि नामदेवरायांना कच्चं मडकं ठरवलं. ज्यांच्या हातचा नैवेद्य लहानपणीच देवानं खाल्ला, असं आपण सांगतो, तेच कच्चे! नामदेवराय रागावले. पण पांडुरंगानंच त्यांना गुरूकडे धाडलं. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते. देव नसेल तिथं पाय ठेव, म्हणाले. नामदेवराय पाय नेतील तिथं पिंड दिसू लागली.

माती कुंभार आणत नाही, पण भाजल्याशिवाय मडकंही होत नाही. देवाची ओढ उपजत असेल; तिची ओळख मात्र संगतीत पक्की होते. एवढ्यानं शेजाऱ्याला देव सिद्ध होणार नाही, हेही खरं. ते अनुभवाचं काम आहे.

पण एक कळलं. नामदेवरायांचा कच्चेपणा देव ठाऊक नसण्यात नव्हता. देव एकाच जागी आहे, असं वाटण्यात होता. मीही देव तसबिरीपुढच्या जोडलेल्या हातांत पाहिला आणि समोरच्या तरुणात पाहायला विसरलो. थापटणं आधी माझ्याच डोक्यावर पडायला हवं.

यंदा तुकोबारायांची पालखी दापोडीवरून जाईल, तेव्हा त्याला सोबत ये म्हणणार आहे. शिकवायला नाही. दोघंही भट्टीजवळ उभे राहू.